सहावं पेन

सहावं पेन थांबलं आणि राघोत्तम ओरडला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत तो कधी मोठ्यानं बोललासुद्धा नव्हता. त्या खोलीत बोलायचंच नसतं. काचेच्या पलीकडे खाटेवर एक माणूस झोपलेला असतो, त्याच्या डोक्याला, पापण्यांच्या कडांना, छातीला आणि बोटाला तारा चिकटवलेल्या असतात, आणि अलीकडे मशीनची आठ पेनं सरकत्या कागदावर त्याच्या झोपेच्या आठ रेघा काढत असतात. वरची पाच मेंदूची आणि डोळ्यांची. सहावं हृदयाचं. सातवं बोटातल्या नाडीचं, आठवं श्वासाचं. त्या दुपारी खाटेवर तारघरातला रात्रपाळीचा माणूस होता, पस्तिशीतला, चांगला ठणठणीत. दिवसा झोपायची सवय म्हणून डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो बिनघोर झोपला होता आणि त्याचं हृदय कागदावर सरळ रेघ होऊन पडलं होतं. एक ठोका जायला हवा होता, गेला नाही. दुसरा नाही, तिसरा नाही. ‘सार, हार्ट!’ असं काहीतरी ओरडत राघोत्तम दार ढकलून आत गेला आणि त्यानं त्या माणसाला खांदे धरून गदागदा हलवलं. तो दचकून उठून बसला, दोन तारा तुटल्या, आणि आग कुठं लागली असं तो घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागला.

डॉक्टर नारायणस्वामी शेजारच्या खोलीतून आले. त्यांनी आधी त्या माणसाकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग सहाव्या पेनाच्या टोकाशी बोट नेलं, रबरी फुगा एकदा दाबला, आणि टोकातून शाईचा निळा थेंब टपकला. “राव, शाई,” ते म्हणाले. तंजावरी मराठी माणसाला मद्रासेत सगळेच राव म्हणतात, डॉक्टरही म्हणत. मद्रासच्या उकाड्यात पेनाच्या टोकाशी शाई सुकते, आठवड्यातून तीनदा सुकते, आणि रोज सकाळी बारीक तारेनं ती टोकं साफ करण्याचं काम राघोत्तमचंच होतं. बरं, सुकली तर सुकली. सहाव्याच्या खाली सातवं पेन टुणटुण उड्या मारत होतं ते तरी दिसायला हवं होतं. ज्याचं हृदय थांबलंय त्याच्या बोटात नाडी कशी उडेल? कालपरवा नोकरीला लागलेल्या माणसालाही हे कळलं असतं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “राव, तुम्ही शेवटचं कधी झोपलात?” “काल, सार,” राघोत्तम म्हणाला. डॉक्टर पंधरा वर्षं माणसांची झोप मोजत आले होते. त्यांना खोटं लगेच कळलं. “गुरुवारी तुम्हीच त्या खाटेवर झोपा,” ते म्हणाले. “मी बघतो. आणि हे असंच चालणार असेल तर मला या मशीनवर दुसरा माणूस बसवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट वाटायलाही अंगात त्राण लागतं. संध्याकाळी ट्रिप्लिकेनच्या बसमध्ये दांडीला धरून उभं असताना त्याची मान खाली पडली आणि झटका बसून परत वर आली, आणि वर येता येताच त्याचा उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर जाऊन बसला होता. हे आता आपोआप होत असे. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, एक ठोका जरा उशिरानं. बसमध्ये घामाचा, मोगऱ्याचा आणि समुद्राचा वास होता. शेजारची बाई त्याच्याकडे संशयानं बघत होती, कारण हा गृहस्थ स्वतःचाच हात धरून ओठ हलवत उभा होता. आठ महिने झाले, तो रात्री झोपत नव्हता. म्हणजे आडवा होत असे. बायकोला, अंबुजाला, शंका यायला नको म्हणून रीतसर गादीवर पडत असे. पण डाव्या कुशीवर वळायचं नाही, उशीवर कान दाबला की आत ठोका ऐकू येतो म्हणून उताणंच पडायचं, डोळे जड झाले की उठून माठातलं पाणी डोळ्यांना लावायचं, पुन्हा पडायचं, आणि पायल्या मोजणाऱ्या माणसासारखे श्वास मोजत राहायचं, अशा सगळ्या युक्त्या करून तो चारपर्यंत तग धरत असे. चारनंतर शरीर त्याचं ऐकत नसे. केव्हातरी डोळा लागे आणि सहाला काफीच्या वासानं उघडे, आणि उघडल्यावर पहिला विचार असा येई की आजची पहाट टळली. शेजारी अंबुजा मात्र रात्रभर संथ, एका लयीत श्वास घेत पडलेली असायची. तिचा त्याला हेवा वाटायचा. कधीकधी रागही यायचा.

वडील गेले ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तंजावरला, घराच्या ओट्यावर. उन्हाळा होता, ते ओट्यावरच झोपत. कलेक्टर कचेरीत कारकून, जेवून-खाऊन सुखी, कधी सर्दी-पडसं नाही. पहाटे तुळसीअक्का, म्हणजे राघोत्तमची थोरली बहीण, तेव्हा माहेरी आलेली, सडा टाकून रांगोळी काढायला बाहेर आली. वडिलांचे पाय ओट्याच्या कडेला आले होते, तर तिनं रांगोळी जरा बाजूला सरकवून काढली. वडिलांची झोप मोडायला नको म्हणून बांगड्या कोपराकडे सारल्या होत्या. वीस ठिपक्यांची, मोठी, वेलीवेलींची रांगोळी. अर्धा तास लागला. पूर्ण झाल्यावर ती काफी घेऊन आली आणि तेव्हा कळलं की पाय कधीचे गार पडले आहेत. ‘मी अर्धा तास त्यांच्या पायाशी बसले होते रे,’ अक्का पुढं जन्मभर सांगत राहिली, ‘एक हाक मारली असती तर?’ राघोत्तम तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याला त्या दिवसातलं रडणं-ओरडणं आठवत नाही, ती रांगोळी आठवते. लोकांच्या पायांनी ती पुसली गेली आणि दुपारपर्यंत दारात नुसता पांढुरका चिखल उरला. आणि मग गेल्या वर्षी, चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यात, थोरला भाऊ व्यासराज. तिरुचीला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, पन्नाशी नुकतीच उलटलेली. धनुर्मास चालला होता, पहाटे देवळाच्या भोंग्यावर स्तोत्रं लागली होती, आणि वहिनीला वाटलं की आज एवढ्या गोंगाटातही हे छान झोपलेत. राघोत्तम तिरुचीहून परतला तो झोप तिकडेच ठेवून. त्याला या आश्विनात अठ्ठेचाळीस पुरी होणार होती.

एवढ्यावरही भागलं असतं. माणसं भितात, महिना-दोन महिन्यांत विसरतात. पण त्यानं वाचलं, तिथं सगळा घोटाळा झाला. डॉक्टरांकडे बोटीनं अमेरिकेची मासिकं येत, त्यांवर शिक्का मारून कपाटात लावायचं काम याचं, आणि बेडकाच्या काळजाच्या ठोक्यांचे काजळी धरलेल्या ढोलावर आलेख काढण्यापासून नोकरीला सुरुवात केलेला हा माणूस, इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण चिकाटी दांडगी. डिक्शनरी घेऊन बसला. त्यात होतं की झोप ही एकसारखी नसते. सुरुवातीला मेंदूच्या लाटा संथ, मोठ्या होतात तसं हृदयही संथ होतं, रक्ताचा दाब उतरतो, श्वास घड्याळासारखा चालतो. पण तासा-दीड तासानं मेंदू झोपेतच जागा झाल्यासारखा वागतो, डोळे पापण्यांखाली सैरावैरा पळतात, माणूस स्वप्नं बघतो, आणि त्या वेळी हृदयाचा आणि श्वासाचा ताल सुटतो. कधी धावतात, कधी अडखळतात, दाब चढतो, उतरतो. हातपाय मात्र दोर कापल्यासारखे पडून असतात. आणि ही स्वप्नांची झोप सगळ्यात जास्त असते ती पहाटे. ‘पहाटे’ या शब्दाखाली राघोत्तमनं पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि मग मासिक सरकारी आहे हे आठवून ती खोडली होती. पुढं लिहिलं होतं की निरोगी माणसात यात काळजीचं काही नाही. पण निरोगी कोण, हे आदल्या रात्री कुणाला कळतं? वडील निरोगीच होते. ज्या गोष्टी आपल्याला विचारून चालत नाहीत त्यांच्या हवाली रोज सात-आठ तास व्हायचं, आणि त्याला विश्रांती म्हणायचं, हे त्याला आता फसवणुकीसारखं वाटू लागलं होतं.

“गुरुवारी मला तिथं झोपायचं अहे,” जेवताना तो म्हणाला. अंबुजानं पानात आमटी वाढली. “कसाला?” “डाक्टर मणाला मणून. तुलाही बोलावलंय. कसलीतरी नावं वाचायची अहेत.” “मला?” ती म्हणाली, “मी काय वाचणार? तमिळ वाचते, पण डाक्टरसमोर?” आणि मग वाढणं थांबवून तिनं विचारलं, “झोपायला लागतं ना तिथं? खरंच झोप लागणार अहे ना?” तिच्या आवाजात काळजीपेक्षा काहीतरी जास्त होतं, पण त्याला ते ओळखायची ताकद नव्हती. अंबुजा त्याच्या याच अक्काची मुलगी. त्यांच्याकडे ही रीतच. बहिणीला मुलगी झाली की धाकट्या भावाची बायको ठरली, त्यात विचारायचं काय. ती जन्मली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि तिला कडेवर घेऊन पेरियकोविलच्या मोठ्या देवळापर्यंत जात असे. ती त्याच्या मागं मागं ‘मामा, मामा’ करत फिरायची, दिवसातून शंभरदा. पेरू पाडायला मामा, पाटीवर कित्ता काढून द्यायला मामा. लग्न झालं त्या संध्याकाळी आजीनं, म्हणजे राघोत्तमच्या आईनं, म्हणजे आता तिच्या सासूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की अत्ता मामा मणायचं नाही हां, चारजण हसतील. नाव तर नवऱ्याचं घ्यायचं नसतंच. ‘अहो’ तिला जमेना. कडेवर बसून ज्याचे कान ओढले त्याला ‘अहो’ कसं म्हणायचं? म्हणून मग ती त्याला काहीच म्हणेनाशी झाली. तिची वाक्यं मधूनच सुरू होत. काफी ठेवलीय. पाऊस येतोय, छत्री. लेकीचं, भवानीचं पत्र आलंय कोइमतूरहून. बावीस वर्षं हा संसार हाकेवाचून चालला होता, आणि त्याला कधी त्यात काही उणं वाटलं नव्हतं. ऑफिसात राव, घरात काहीच नाही; राघोत्तम हे नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

गुरुवारी दुपारी मदतनीस सरोजम्मानं त्याच्या डोक्यावरचे केस विंचरून बाजूला केले आणि कलोडियनचा चिकट लेप लावून तारा चिकटवल्या. तो ईथरसारखा उग्र वास त्याच्या रोजच्या कपड्यांत होता, पण स्वतःच्या डोक्यावर त्याचा गार स्पर्श त्याला पहिल्यांदाच होत होता. शेकडो लोकांना त्यानं ‘काही होत नाही, नुसतं पडा’ असं सांगितलं होतं. तेच सरोजम्मा त्याला सांगत होती. ती इथं अकरा वर्षं होती, विधवा, कामाला वाघ, आणि तिला हसू दाबता येत नव्हतं. “राव, आज तुम्ही तारघरवाले,” ती म्हणाली. काचेपलीकडे डॉक्टर नावांची यादी अंबुजाला समजावून देत होते. वीस नावं, त्यांतलं चौथं आणि चौदावं झोपणाऱ्याचं स्वतःचं. परदेशात कुणीतरी करून बघितलं होतं की गाढ झोपेतसुद्धा मेंदू परकी नावं सोडून देतो आणि आपलं नाव आलं की एक उंच लाट उठते. माणूस जागा होत नाही, पण हृदयाचा ठोका चुकतो, बोटातल्या शिरा आवळतात. “घर झोपतं, राव,” डॉक्टर एकदा म्हणाले होते, “पण दारावर कुणीतरी बसलेलं असतं. कोण आलं ते बघून तोच ठरवतो, मालकाला उठवायचं की नाही.” अंबुजा टिफिनचा डबा मांडीवर घेऊन स्टुलाच्या अगदी कडेवर बसली होती. आपण इथं झोपणं शक्य नाही, असं त्याच्या मनात आलं. एवढ्या उजेडात, इतकी माणसं बघताहेत, डोक्याला तारा. पहाट तर नाहीच, दुपारचे दोन वाजलेत. आणि मग त्याला वाटलं की पेनं चालू आहेत, शाई भरलेली आहे, सहावं सरोजम्मानं समोरच साफ केलंय. काही झालं तर कागदावर उमटेल, कुणीतरी धावत येईल. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी पहाऱ्यावर होतं. या विचाराच्या मध्येच कुठंतरी तो संपला.

त्याला जागं केलं तेव्हा साडेचार वाजले होते. तोंडाला चव नव्हती, अंग जड झालं होतं आणि लाज वाटत होती. अंबुजा त्याच्याकडे न बघता डबा आवरत होती. शुक्रवारी सकाळी टेबलावर वीतभर जाडीचा घड्यांचा गठ्ठा ठेवलेला होता, त्याची स्वतःची अडीच तासांची झोप, आणि ती मोजायचं काम अर्थातच त्याचंच. पट्टी घेतली, कर्कटक घेतलं, आणि दुसऱ्या कुणाची वाचावी तशी तो ती वाचू लागला. सहा मिनिटांत झोपला होता हा माणूस. एखाद्या मजुरासारखा. लाटा मोठ्या होत गेल्या होत्या, हृदय बासष्टवर उतरलं होतं, श्वास सारखा होता. पुढं डोळे धावले होते, तिथं ठोके वेडेवाकडे झाले होते, एका ठिकाणी श्वास सहा सेकंद नव्हता. ती सहा सेकंदांची सपाट रेघ त्यानं बोटानं चाचपली. इथं तो नव्हता, आणि पुन्हा आला होता, कुणाला न विचारता, कुणी न बोलावता. भीती वाटायला हवी होती, पण आश्चर्यच जास्त वाटलं. मग पुन्हा संथ झोप, आणि तिथून पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. एक, दोन, तीन. चार म्हणजे ‘राघोत्तम’. काही नाही. लाट नाही, ठोका हललेला नाही. नवव्याला डॉक्टरांनी ‘राव’ घातलं होतं, तिथं एक ओझरती लाट होती, ऑफिसात मान वर करावी एवढीच. चौदा, पुन्हा ‘राघोत्तम’: काही नाही. विसाव्यापर्यंत माणूस दगड झालेला. आणि त्यानंतर बरीच कोरी झोप जाऊन एक खूण होती, तिला आकडा नव्हता. सरोजम्मानं तमिळमध्ये नुसतं ‘बायको’ लिहिलं होतं. त्या खुणेवर पाचही पेनांनी एकदम उंच उडी घेतली होती. हृदयाचे दोन ठोके जवळजवळ आले होते आणि मग पुढचे लांब, सावकाश, सैल पडले होते. बोटातली नाडी दोऱ्याएवढी बारीक होऊन पुन्हा फुलली होती. आणि शेवटच्या पेनानं एक एवढा मोठा श्वास काढला होता की रेघ खालच्या समासात गेली होती. त्यानंतर तो पुन्हा गाढ झोपला होता.

“सरोजम्मा,” तो म्हणाला, “इथं ती काय म्हणाली?” सरोजम्मा बाटल्या पुसत होती. “अहो, मजाच झाली,” ती म्हणाली. “सगळी नावं वाचली त्यांनी, पण तुमचं आलं की खाली मान. डॉक्टर म्हणाले, हे शास्त्र आहे, यात काही पाप नाही. छे! शेवटी तुमचं नाव दोन्ही वेळा मीच वाचलं. मग डॉक्टर म्हणाले, बरं, तुम्ही घरी जशी हाक मारता तशी मारा. तर म्हणाल्या, घरी मी यांना काहीच म्हणत नाही. आम्ही सगळे हसलो. आणि मग त्या माइकजवळ गेल्या आणि ‘मामा’ म्हणाल्या. इतकं हळू, की मला वाटलं तुम्हाला ऐकूच गेलं नसेल.” तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, तिच्या गावाकडे कितीतरी बायका नवऱ्याला मामाच म्हणत. “पण राव, सगळे पेनांकडे बघत होते, तर त्या कागदाकडे बघतच नव्हत्या. काचेतून तुमच्या छातीकडे बघत होत्या. तुम्ही तो मोठा श्वास घेतलात, तशा तुमच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या आणि जाऊन स्टुलावर बसल्या, जणू काम झालं. ‘अहेत’ म्हणाल्या. ‘अहेत’ म्हणजे काय, हो?” राघोत्तमनं कर्कटक खाली ठेवलं. “आहेत,” तो म्हणाला. “म्हणजे, आहेत. इथं.” आणि तो उठून शाईची बाटली शोधू लागला.

संध्याकाळी अंबुजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चिंच निवडत बसली होती. तो समोर भिंतीला टेकून खाली बसला. तो असा कधी बसत नसे, म्हणून तिनं मान वर केली. “तू माझ्यावर कधीपासून नजर ठेवून अहेस?” त्यानं विचारलं. तिनं विचारात पडल्याचं नाटक केलं नाही. “लग्नापासून,” ती म्हणाली. “आईनं सांगितलं होतं. रांगोळीची ती गोष्ट सांगितली आणि मणाली, अंबू, सडा टाकायला जायच्या आधी एक हाक मारत जा. उठवायचं नाही, नुसती हाक. माझ्या हातून नाही झालं, तू कर.” चिंचोका काढून तिनं वाटीत टाकला. “मग मी मारते. तुम्ही असा लांब श्वास घेता, मणजे झालं. मग मी जाते रांगोळीला. भवानी झाली तेव्हा दवाखान्यात होते, तेवढे दिवस नाही.” बावीस वर्षं. रोज पहाटे. त्यानं मनात हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला. “आणि हे आठ महिने?” तो म्हणाला. “मी तर जागाच असतो.” “माहीत अहे.” “कसं माहीत?” तिला हसू आलं, थकलेलं. “जागं असलं की मारून काय उपयोग? झोप लागल्यावरच मारायची ना. तुमचा डोळा लागेपर्यंत मी पडून असते. मग हाक मारते, मग उठते. सडा टाकायला साडेपाच होतात अत्ता, शेजारच्या अलमेलूमामी विचारतात, काय गं, अंगात कणकण अहे का?” तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला दिसली. ती काही आजची नव्हती. माणसाच्या श्वासाची रेघ बघून तो जागा की झोपलेला हे क्षणात सांगणाऱ्या या पोटभरू पंडितानं आठ महिने हातभर अंतरावरचा श्वास ऐकला होता, आणि तो झोपेचा नाही, झोपेचं सोंग घेतलेला आहे, हे त्याला कळलं नव्हतं. ‘मला सांगायचं होतंस,’ असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं की त्यानंही सांगितलं नव्हतं. “जागेपणी पण मण की एकदा,” तो म्हणाला. “काय?” “मामा.” “अय्यो,” ती म्हणाली आणि चिंचेचं ताट उचलून आत गेली, “या वयात काही लाज?”

त्या रात्री त्याला भीती वाटली नाही. त्याला ती हाक ऐकायची होती, बस. एवढं साधं हवंसं वाटणं त्याला कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. तो उताणा पडून राहिला आणि चारच्या सुमारास त्यानं काम चोख करायला घेतलं. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो हे मद्रासेत त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आत जाताना सरळ, बाहेर पडताना जरा लांब, मग छोटी विश्रांती. डोळे सैल, जबडा सैल, बोटं अर्धी उघडी. आठवं पेन त्याच्या कपाळाआत चालत होतं आणि रेघ अगदी बिनचूक येत होती. अंधारात अंबुजा कुशीवर वळली. तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे कोपराकडे सारलेल्या होत्या. ती कोपरावर उठून त्याच्याकडे वाकली. तिच्या केसांतल्या तेलाचा वास आला, तिचा श्वास गालाला लागला. तो थांबून राहिला. हाक आली नाही. खूप वेळ गेला. रस्त्यावरून दूधवाल्याची गाय गेली, कुणीतरी नळावर घागर ठेवली.

“जागं अहांत,” ती म्हणाली, आणि परत आडवी झाली.

त्यानं डोळे उघडले नाहीत. पेनं फसली असती, डॉक्टर फसले असते, ही फसली नाही. आणि मग त्याला कळलं ते इतकं साधं होतं की एवढं शिकून-वाचून ते आधी कसं सुचलं नाही याचीच त्याला खंत वाटली. ती हाक त्याला कधीच ऐकू येणार नव्हती. ती त्याच्यासाठी नव्हतीच. तो नसताना दारावर जो बसून असतो त्याच्यासाठी होती, आणि बावीस वर्षं त्या दोघांचं न चुकता बोलणं होत आलं होतं. त्याला तिथं शिरायला जागा नव्हती. याचं दुःख वाटलं, चांगलंच वाटलं, आणि त्या दुःखाबरोबरच खांदे खाली उतरले. तमिळांचा आडी महिना होता, देवीच्या, अम्मनच्या देवळाच्या भोंग्यात खरखर सुरू झाली. शेजारी ती संथ, एका लयीत श्वास घेत होती, आणि आता त्याला स्पष्ट ऐकू येत होतं की ती जागी आहे. दारात रांगोळी व्हायची होती, अलमेलूमामी विचारणार होत्या. तो डाव्या कुशीवर वळला, तिच्याकडे तोंड करून, कान उशीवर ठेवून. आत ठोका पडत होता. त्यानं तो मोजला नाही. बिचारी आठ महिने ताटकळत होती, आणि तिला आता आणखी थांबवायचं नव्हतं.